उलटी थांबली, मळमळ राहिली

पुण्यात किंवा नाशकात आईची, काकांची केमोथेरपी चालू असते. आपण इथून व्हिडिओ कॉलवर विचारतो, "काय खाल्लंस?" तिकडून उत्तर येतं, "औषध जहाल आहे, एवढं व्हायचंच." आज बोलायचंय ते या 'व्हायचंच'बद्दल.

1965 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं. पण ती किमया विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमची होती. त्यातून आलं सिस्प्लॅटिन, 1978 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. वृषणाच्या कर्करोगात यामुळे चित्रच पालटलं. मात्र औषध शिरेत गेलं की जवळजवळ प्रत्येकाला उलट्या, त्याही दिवसभरात अनेकदा. काही जण उपचार अर्धवट सोडत. जीव वाचवणारं औषध आहे, तेव्हा रुग्णाने सोसावं, असाच तेव्हाचा एकूण सूर होता.

1983 मध्ये सिडनीत डॉक्टरांनी एक साधं काम केलं. केमो घेणाऱ्या 99 जणांना विचारलं, तुम्हाला सर्वात जास्त त्रास कशाचा? पहिला क्रमांक उलटीचा, दुसरा मळमळीचा. केस गळणं तिसरं. 'जे मोजत नाही ते सुधारत नाही' हे वाक्य आम्हा एमबीएवाल्यांनी इतक्या स्लाइडवर घासलंय की मला त्याचा वीट आलाय, पण इथे ते लागू पडतं.

उलटी होते कशी, हेही त्याच दशकात उलगडलं. केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. ते तिथल्या मज्जातंतूंना डिवचतं आणि निरोप मेंदूच्या उलटी-केंद्राला पोचतो. म्हणजे पोट 'नाजूक' असण्याशी किंवा मनाच्या कमकुवतपणाशी याचा संबंध नाही. हा निरोप वाटेतच अडवणारं ऑनडॅन्सेट्रॉन ग्लॅक्सो कंपनीने ब्रिटनमध्ये शोधलं आणि 1990 च्या सुमारास ते रुग्णांपर्यंत आलं. जोडीला डेक्सामेथासोन. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळणारी उलटी वेगळ्या रसायनाने होते. तिच्यासाठी 2003 मध्ये ॲप्रेपिटंट आलं.

सिडनीत नव्वदच्या दशकात तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. उलटी पहिल्या क्रमांकावरून बरीच खाली गेली होती. आता पहिली होती मळमळ.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. उलटी दिसते, नर्स ती कागदावर लिहिते. मळमळ कोणालाच दिसत नाही, कॅमेऱ्यावर तर नाहीच. आई ताट बाजूला सारते आणि आपण म्हणतो, "चार घास तरी खा, अंगात ताकद नको का?" तिला फोडणीचा वासही सहन होत नसतो. मग थंड दहीभात, पेज किंवा आल्याचा तुकडा चालून जातो. थोडंथोडं, दर दोन तासांनी दिलेलं बरं.

मळमळीवर खरा उतारा अनपेक्षित ठिकाणाहून आला. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारावरचं औषध. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नेहमीच्या गोळ्यांना त्याची जोड दिली, तर पहिल्या 24 तासांत मळमळ अजिबात न झालेले रुग्ण 74 टक्के होते. जोड नसलेल्या गटात 45. अडचण एकच, 10 मिलिग्रॅमने फार गुंगी येते. मग परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2.5 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. 2024 मध्ये निकाल आला: उलटीवर ताबा तेवढाच, झोप कमी.

आणि वजन? पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना हेच 2.5 मिलिग्रॅम 12 आठवडे दिलं. 58 पैकी 35 जणांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. नुसती दिसायला तशीच, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या 54 जणांत असे फक्त 5.

ही गोळी कोणी परस्पर सुरू करायची नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आपण पुढच्या कॉलवर तीन गोष्टी विचारून लिहून ठेवू: मळमळ कोणत्या दिवशी सुरू झाली, किती तास राहिली, वजन किती भरलं. आणि तो कागद पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर पोचायला हवा.