कोष रेशमाला, किडा माशाला

मत्स्यशेतीत फिशमीलऐवजी (दळलेल्या मासळीच्या भुकटीऐवजी) किड्यांचे प्रथिन वापरण्याची चर्चा अशा थाटात चालते, जणू ही कल्पना कालच प्रयोगशाळेतून बाहेर पडली. चीनमधल्या पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात ती कितीतरी पिढ्या रोजच्या व्यवहारात होती. तळे खणायचे, निघालेल्या मातीचे बांध घालायचे, बांधावर तुती लावायची. पाला रेशीमअळ्यांना, अळ्यांची विष्ठा तळ्यात आणि तळाचा गाळ पुन्हा तुतीच्या मुळाशी. धागा उकलल्यावर उरणारा प्युपा, ज्याच्या सुक्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिन असते, तोही माशांनाच. १७५७ मध्ये युरोपीय व्यापार कॅंटन या एकाच बंदरापुरता ठेवला गेला, त्या भागात रेशमाची मागणी वाढली आणि भाताची खाचरे मोडून तुती व तळी पसरली. किड्याच्या पोषणाचा खर्च रेशीम उचलत होते. मासेवाल्याला प्रथिन जवळपास फुकट मिळत होते. माझ्या मते या इतिहासाची किल्ली इथेच आहे: स्वस्त प्रथिन टिकले ते दुसऱ्या धंद्याच्या पाठीवर बसून. आपल्याकडे रोहू-कटल्याला घालतात ती शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा तरी काय, तेलघाणीचे आणि भातगिरणीचे उरलेलेच.

यावर पहिला आक्षेप असा की प्युपा चांगला असता तर त्याचा वापर सुटला नसता. जपानमध्ये, विशेषतः नागानोच्या साकू भागात, कार्पना प्युपा घालण्याची रीत रुळलेली होती, आणि तिथल्या कार्पचे स्नायू झडू लागले हेही खरे. पण १९६० च्या दशकातल्या जपानी संशोधनाने बोट ठेवले ते प्युपाच्या खवट झालेल्या तेलावर. ई जीवनसत्त्व दिल्यावर आजार टळत होता. दोष साठवणीचा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कार्प काहीही खाते, सॅमन मांसाहारी आहे. मात्र सॅमनला अमिनो आम्ले लागतात, ती माशातूनच यावीत असे नाही. नॉर्वेत १९९० मध्ये सॅमनच्या खाद्यात सुमारे ६५ टक्के फिशमील असे. २०२० पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास आले. जागा मुख्यतः सोयाने घेतली, म्हणजे पुन्हा तेल काढून उरलेल्या भागाने.

दुसऱ्या धंद्याच्या उरलेल्यावर चालणाऱ्या या साखळीत अपवाद ठरतो तो फिशमीलचा. पेरूची अँकोव्हेटा मासळी मुद्दाम दळण्यासाठीच पकडली जाई. १९७० मध्ये ही पकड १.२ कोटी टनांवर गेली. बेसुमार मासेमारी आणि १९७२ चा एल निनो यांनी ती कोसळवली. तेव्हा फिशमील प्रामुख्याने कोंबड्या-डुकरांच्या पोटात जात होते, त्यामुळे सगळा भार सोयाबीनवर आला आणि १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली.

युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात सात जातींच्या कीटकांना परवानगी दिली आणि रेशीमकिड्याला, गंमत म्हणजे, २०२१ पर्यंत ताटकळत ठेवले. कीटक-प्रथिनाच्या नव्या कारखान्यांची भिस्त काळ्या सैनिक माशीच्या अळीवर आहे. तिला रेशमासारखा कमावता धनी नाही. शिवाय युरोपात या अळ्या कायद्याने पाळीव पशू ठरतात, त्यामुळे हॉटेलातले खरकटे त्यांना घालता येत नाही; जनावरांसाठी मान्य असलेलेच खाद्य विकत घ्यावे लागते. त्यातला बराचसा कोंडा-भुसा तर थेट कार्पलाही चालला असता.