एका रेघेची गोष्ट: डिझेल गाडीचं टायमिंग

आज ना किल्ला, ना लढाई. आजचा इतिहास बोनेटखालचा आहे.

माझ्या मामाकडे डिझेल अ‍ॅम्बेसेडर होती. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असं भाडं मारायचा. एकदा ऐन लग्नसराईच्या तोंडावर गाडी दमायला लागली. एका गॅरेजवाल्यानं पाना लावला, पंप जरासा फिरवला आणि गाडी पळायला लागली! मामा खूश. फक्त इंजिन खडखड वाजायचं. महिनाभरात पिस्टन गेला. लग्नसराई हातची गेली आणि मामीच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या.

नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मामाला सांगितलं, "भाऊ, तुमच्या गाडीले डिझेल लवकर भेटून रायलं होतं. इंजिन स्वतःलेच ठोकत होतं."

म्हणजे काय, ते बघा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या गरम हवेत डिझेलचा फवारा पेटतो. पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडं आधी तो फवारा यायला हवा. फार लवकर आला, तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दणका बसतो. उशिरा आला, तर ताकद जाते, धूर येतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर फेऱ्याचा एक अंश म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग. खेळ एवढ्याशा वेळेचा!

रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये जर्मनीत आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेव्हा इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. एवढं धूड गाडीत कसं बसणार? मग बॉशनं 1927 मध्ये इंजेक्शन पंपाचं कारखान्यात उत्पादन सुरू केलं आणि वाट मोकळी झाली. 1936 मध्ये मर्सिडीजची 260 डी ही डिझेल कार आली. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळुरूला मायको कंपनी सुरू झाली. पुढे तिचा कारखाना नाशिकलाही आला. तिथल्या मायको सर्कलचं नाव त्यावरूनच पडलं. आणि 1980 मध्ये डिझेल अ‍ॅम्बेसेडर आली, भारतातली पहिली डिझेल कार.

आता त्या मिस्त्रीनं काय केलं? पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणला, फ्लायव्हीलची खूण जुळवली. पंपाच्या फ्लँजवर एक रेघ असते, इंजिनच्या बाजूला दुसरी. नट सैल केले, रेघेला रेघ भिडवली, नट आवळले. पंपाचा शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेनं पंप फिरवला की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेनं फिरवला की मागे. पहिल्या गॅरेजवाल्यानं कानावर भरवसा ठेवला होता. ह्यानं आधी रेघ पाहिली, मग कान लावला.

मला वाटतं, फरक एवढाच होता. अनुभव दोघांकडेही होता, पण एकाला आपला अनुभव तपासून बघायची सवय होती.

आज कॉमन रेल गाडीत ही वेळ कॉम्प्युटर ठरवतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, आणि नव्या गाडीत पाना लावून पंप फिरवायचं कामच उरलं नाही. 2022 च्या जूनमध्ये ह्याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीज विक्रम! रस्ता गुळगुळीत झाला, मामाची गाडी मात्र कधीच भंगारात गेली.

तुमच्या घरी जुनी डिझेल गाडी किंवा जीप असेल, तर पंपाला हात लावण्याआधी त्या जुन्या रेघेवर खडूनं खूण करून ठेवा. चुकलं तर परतायला जागा राहते. मामीच्या बांगड्या काही परत आल्या नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!