मोनिकेची प्रतीक्षा

ख्रिस्ती धर्मेतिहासांत अखंड प्रार्थनेचा दाखला द्यावयाचा झाला म्हणजे संत ऑगस्टाइनची माता मोनिका हिचें नांव पुढें येतें. भाविक चरित्रकारांनीं तिच्या अश्रूंचें इतकें कौतुक केलें आहे कीं, ही बाई जन्मभर नुसती रडत बसली होती असा वाचकाचा समज व्हावा. मूळ आधार मुलाच्याच ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाचा. तो तिच्या मृत्यूनंतर सुमारें दहा वर्षांनीं लिहिला गेला. त्यांतील मोनिका अगदीं निराळी आहे.

ऑगस्टाइन इ. स. ३५४ मध्यें थागास्ते येथें जन्मला. तें गांव म्हणजे आजच्या अल्जीरियांतील सूक अहरास. तरुणपणीं तो मानीच्या पंथांत शिरला व जवळजवळ नऊ वर्षें त्यांत राहिला. मोनिकेनें प्रथम त्याला घरांत घेणें व एका पंक्तीस बसविणेंच बंद केलें होतें. पुढें एका स्वप्नानें तिचें मन वळलें. एका बिशपाकडे जाऊन ‘मुलाशीं वाद घाला’ म्हणून तिनें धरणें धरलें. तो स्वतः लहानपणीं त्याच पंथांत वाढलेला. मुलगा अजून ऐकण्याच्या मनःस्थितींत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. अखेर त्यानें वैतागून तिला निरोप दिला. पण त्या वेळीं त्याच्या तोंडून निघालेला आशेचा शब्द तिनें आकाशवाणीसारखा जपला.

३८३ मध्यें ऑगस्टाइन रोमला निघाला. आई कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत मागोमाग आली. मित्राला वारा अनुकूल होईपर्यंत सोबत करतों, अशी थाप मारून त्यानें तिला संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरांत रात्र काढावयास लावलें, आणि त्याच रात्रीं जहाज सुटलें. त्यानें जाऊं नये हेंच ती तेथें मागत होती! पण तो गेला म्हणूनच पुढें मिलानचा बिशप अँब्रोज याची व त्याची गांठ पडली. तेव्हां त्या रात्रीचें मागणें नाकारून देवानें तिचें मोठें मागणें पुरविलें, असा अर्थ मुलानें मागाहून लावला.

मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला आली. वाटेंत वादळ झालें तेव्हां खलाशांना धीर देणारी तीच. मात्र येथील एक प्रकरण भाविकांस रुचणारें नाहीं. मुलाचें प्रतिष्ठित घराण्यांत लग्न व्हावें म्हणून तिनें खटपट चालविली. त्याविषयीं देवाची खूण मिळावी म्हणून ती रोज प्रार्थना करी. दिसे तें आपल्याच मनाचें, हें तिनेंच मुलाला सांगितलें. तरीही अल्पवयीन मुलीला मागणी घातली गेली, आणि विवाहाविना पुष्कळ वर्षें त्याच्याजवळ राहिलेली स्त्री आड येते म्हणून आफ्रिकेस परत धाडली गेली. तिचा मुलगा अदेओदातुस बापापाशीं राहिला. पुन्हा कोणा पुरुषाचा संबंध ठेवणार नाहीं, असें व्रत घेऊन ती गेली. इतकीं वर्षें धीर धरणाऱ्या मोनिकेला येथें मात्र उत्तरापर्यंत थांबवलें नाहीं, आणि त्याची किंमत भरली दुसरीनें, असें आम्हांस वाटतें. ऑगस्टाइननें तिचें नांवसुद्धां लिहून ठेवलें नाहीं.

तें लग्न झालेंच नाहीं. ३८६ मध्यें ऑगस्टाइनचें मन पालटलें. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजनें त्याला व अदेओदातुसाला बाप्तिस्मा दिला. स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत असतां ओस्तिया बंदरांत मोनिकेला ताप आला. नवऱ्याशेजारीं पुरलें जावें ही तिची जुनी इच्छा. आतां मात्र देह कोठेंही ठेवा, असें ती म्हणाली. तेथेंच ५६ व्या वर्षीं ती वारली. तिच्या थडग्यावरील लेखाच्या शिळेचा एक तुकडा ओस्तियांत १९४५ सालीं मुलांना जमीन खणतांना सांपडला.