शीघ्र हस्तक्षेप आणि कुटुंबाची जीवनगुणवत्ता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

जन्मापासून पहिल्या काही वर्षांत ज्या बालकांच्या विकासात विलंब किंवा अक्षमता आढळते, त्यांना वेळीच दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय, शैक्षणिक व सामाजिक साहाय्यास 'शीघ्र हस्तक्षेप' असे म्हटले जाते. या साहाय्याचे मोजमाप दीर्घकाळ केवळ बालकाच्या बुद्ध्यंकावरून आणि कौशल्यांवरून होत आले. त्या बालकाबरोबर चोवीस तास राहणाऱ्या कुटुंबाचे जगणे कसे आहे, हा प्रश्न संशोधनात फार उशिरा आला. शीघ्र हस्तक्षेपाच्या कल्पनेला शास्त्रीय चर्चेचे आणि पुढे कायद्याचे रूप मुख्यतः अमेरिकेत मिळाले. म्हणून प्रस्तुत लेखात तेथील घडामोडींच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

आयोवातील प्रयोग :

१९३० च्या दशकात आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथील अनाथालयात मुलांची प्रचंड गर्दी होती. तेथील १३ व १६ महिने वयाच्या दोन मुलींची वाढ अनुक्रमे सहा व सात महिन्यांच्या बालकाइतकीच झालेली होती. त्यांच्याकडून काही आशा नाही असे मानून त्यांना वुडवर्ड येथील, त्या काळी 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या व्यक्तींच्या संस्थेत पाठविण्यात आले. सहा महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्कील्स तेथे गेले तेव्हा त्यांना हसऱ्या, चपळ, जवळपास सर्वसामान्य भासणाऱ्या मुली दिसल्या. कोणताही उपचार झालेला नव्हता. वॉर्डातील प्रौढ स्त्रियांनी त्यांना मांडीवर घेतले होते, त्यांच्याशी खेळल्या होत्या, त्यांचे लाड केले होते, इतकेच.

या निरीक्षणावरून स्कील्स यांनी तीन वर्षांखालील १३ बालकांना अशाच स्त्रियांच्या सहवासात ठेवले. प्रशासनाच्या कागदोपत्री ही बालके त्या संस्थांची 'पाहुणी' होती. स्कील्स व हॅरॉल्ड डाय यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार या बालकांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे २८ गुणांनी वाढला, तर अनाथालयातच राहिलेल्या १२ बालकांचा सरासरी २६ गुणांनी घसरला. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते या तत्कालीन समजुतीला हा थेट धक्का होता. साहजिकच टीकेची झोड उठली. १९४० मध्ये स्टॅनफर्डच्या क्विन मॅकनेमार यांनी आयोवातील संशोधनाच्या संख्याशास्त्रीय बाजूवर कठोर आक्षेप घेतले आणि हा विषय जवळजवळ दोन दशके मागे पडला.

स्कील्स यांनी मात्र ती मुले प्रौढ झाल्यावर त्यांचा पुन्हा शोध घेतला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटातील सर्व १३ जण स्वतःच्या पायावर उभे असल्याचे दिसले. त्यांपैकी ११ जण दत्तक गेले होते. दुसऱ्या गटातील एकजण किशोरवयातच संस्थेत मरण पावला होता आणि चौघे अद्याप संस्थांमध्येच होते. नमुना लहान होता, गटांची निवडही यादृच्छिक नव्हती. तरीही शीघ्र हस्तक्षेपाच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान अढळ राहिले. एक गोष्ट मात्र सहसा नोंदली जात नाही. ज्या स्त्रियांच्या मायेने हे घडले, त्यांची या साऱ्या अहवालांत ओळख उरली ती त्यांच्या मानसिक वयाच्या आकड्यापुरती. मुले दत्तक गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले, हे कोणी मोजले नाही.

दोषी पालक, शिक्षक पालक :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अक्षम बालकाच्या कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टी फारशी सहानुभूतीची नव्हती. डाउन सिंड्रोम असलेले अर्भक जन्मताच संस्थेत ठेवावे, असा सल्ला नामवंत डॉक्टरही देत. स्वमग्नतेचे खापर तर थेट आईवर फोडले गेले. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने या मताला मोठी प्रसिद्धी दिली. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच या मताचा साधार प्रतिवाद केला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. समाजसेवक सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये 'चिरकालीन दुःख' ही संकल्पना मांडून पालकांचे दुःख हा आजार नसून स्वाभाविक प्रतिसाद आहे, असे प्रतिपादन केले.

१९६५ मध्ये गरीब कुटुंबांतील बालकांसाठी 'हेड स्टार्ट' कार्यक्रम सुरू झाला. १९६९ च्या वेस्टिंगहाउस अहवालाने त्याचे बौद्धिक लाभ शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ओसरतात असे दाखविले. त्यावर युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७४ मध्ये उपलब्ध कार्यक्रमांचा तौलनिक आढावा घेतला. कुटुंबाचा सक्रिय सहभाग नसेल तर लाभ टिकत नाहीत, हे त्यांचे अनुमान सर्वत्र उद्धृत झाले. त्याच आढाव्यातील दुसरे अनुमान तुलनेने दुर्लक्षित राहिले : सर्वाधिक ओढगस्तीत असलेली कुटुंबे अशा कार्यक्रमांत सहभागीच होऊ शकत नाहीत, त्यांना आधी आरोग्यसेवा, अन्न, निवारा आणि रोजगार हवा.

पहिले अनुमान स्वीकारणे सोपे होते, कारण त्याला खर्च कमी लागे. विस्कॉन्सिनमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'पोर्टेज' प्रकल्पात गृहशिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येई आणि पुढील आठवड्याचा सराव आईवर सोपवी. ही पद्धत पुढे भारतासह अनेक देशांत स्वीकारली गेली. तिची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु तिच्यामुळे आई ही बिनपगारी शिक्षिका झाली, आणि सराव न झाल्यास दोषाचा धनी पुन्हा तीच. आईवरील आरोपाचे केवळ स्वरूप बदलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कायदा आणि मोजपट्टी :

८ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेत ९९-४५७ क्रमांकाचा कायदा मंजूर झाला. त्यातील 'एच' भागाने तीन वर्षांखालील बालकांसाठी 'वैयक्तिक कुटुंब सेवा योजना' अस्तित्वात आणली. आराखडा बालकाचा नव्हे, कुटुंबाचा. त्यात कुटुंबाची बलस्थाने व गरजा नोंदवायच्या, हा बदल मूलगामी होता. कुटुंब हे साधन नसून सेवेचे लाभार्थी आहे, हे प्रथमच कायद्याने मान्य केले.

मग लाभ झाला की नाही हे ठरवायचे कसे? कॅन्सस विद्यापीठातील बीच सेंटरने यासाठी २५ विधानांची मोजपट्टी तयार केली. तिची पाच क्षेत्रे अशी : कौटुंबिक परस्परसंबंध, पालकत्व, भावनिक स्वास्थ्य, शारीरिक-भौतिक स्वास्थ्य आणि अक्षमतेशी निगडित साहाय्य. या केंद्राचे संस्थापक ॲन व रुड टर्नबुल हे दांपत्यही अक्षम मुलाचे पालक होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व इस्रायलमधील अभ्यासकांनी विकसित केलेल्या दुसऱ्या प्रश्नावलीत नऊ क्षेत्रे असून त्यांत नोकरी-व्यवसाय व फावला वेळ यांनाही स्थान आहे. आईला नोकरी सोडावी लागली का, हा प्रश्न त्यामुळे संशोधनाच्या कक्षेत आला. २००७ मध्ये जीन ॲन समर्स व सहकाऱ्यांनी दाखविले की, सेवा पुरेशी असण्याचा कुटुंबाच्या जीवनगुणवत्तेशी असलेला संबंध काही अंशी व्यावसायिक व कुटुंब यांच्यातील भागीदारीतून घडतो. केवळ उपचारांचे तास वाढवून भागत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

महाराष्ट्राचा संदर्भ :

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. येथेही आरंभ एका आईने केला. शासकीय पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. अंगणवाडी व शाळांतील तपासणीनंतर बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद त्यात आहे. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब ही त्याची चार शीर्षके सर्वस्वी बालकाविषयीची आहेत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून मूल कडेवर घेऊन निघणाऱ्या बाईचा बुडालेला रोज यांपैकी कोणत्याही शीर्षकात बसत नाही.

मोजपट्टी येथे आणताना आणखी एक अडचण आहे. बीच सेंटरच्या व्याख्येनुसार जे स्वतःला कुटुंब मानतात व एकमेकांना आधार देतात ते सर्व कुटुंबच. रक्ताच्या नात्याची अट नाही. आजी, आत्या, काकू यांच्या अंगाखांद्यावर मूल वाढते अशा घरांना ही व्याख्या चपखल लागू पडते. प्रत्यक्षात बहुसंख्य अभ्यासांत प्रश्नावली भरून देते ती आईच. सासूच्या देखत, दवाखान्याच्या बाकावर बसून, घरातले परस्परसंबंध समाधानकारक आहेत का, या विधानापुढे ती कोणती खूण करील, याचा विचार मोजपट्टीच्या भाषांतराआधी व्हावयास हवा.