गिरणींतील माता आणि आठ आण्यांचा कायदा

बाळागोळी हा शब्द आपल्या घरांतून आतां फारसा ऐकूं येत नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं परळ-लालबागच्या चाळींत तो मिठा-तेलाइतका नित्याचा होता. अफूचा अंश असलेली ती लहानशी गोळी पहांटे मुलाला चाटवावी, त्याला चाळींतील एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीच्या स्वाधीन करावें, आणि भोंगा होण्यापूर्वीं गिरणीचें फाटक गांठावें, हा कितीएक बायकांचा रोजचा क्रम असे. सुशिक्षित मंडळी ह्या प्रकाराला अज्ञान म्हणत, आणि अज्ञान त्यांत होतेंच. मात्र स्वतःच्या घरच्या आजीबाईच्या बटव्यांतूनही हीच गोळी निघत असे, हें सांगावयास ती मंडळी विसरत. फरक इतकाच कीं, पांढरपेशा घरांत मुलाला झोंप यावी म्हणून ती देत. गिरणगांवांत आईला कामावर जातां यावें म्हणून देत.

१९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामकऱ्यांपैकीं सुमारें एक-पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, म्हणजे वाइंडिंग आणि रिळिंग ह्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या विभागांत, कामावर असत. दिवस दहा तासांचा, मजुरी बहुधा कामाच्या मापावर, आणि कामावर घेणें अगर काढणें हें नायकिणीच्या हातीं. जी बाई बाळंतपणासाठीं घरीं राहिली तिची जागा दुसरीला मिळे. ती परत आली म्हणजे पुनः नायकिणीची मनधरणी आणि वेळप्रसंगीं तिची दस्तुरी. म्हणून कोणी अगदीं वेणा लागेपर्यंत उभ्यानें काम करी, आणि जिला परवडे ती आगबोटीनें कोंकणांत माहेरीं जाई. दोन्ही प्रकारीं मजुरी बुडे. आणि नेमक्या ज्या महिन्यांत घरांत खाणारें एक तोंड वाढे त्याच महिन्यांत मिळकतींतील एक वाटा नाहींसा होई. सावकाराला ह्याहून सोईचा मुहूर्त कोणता?

मुंबई सरकारनें १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांकडून गिरणी-कामकरणींच्या स्थितीची पाहणी करविली. अफूची गोष्ट अधिकृतपणें कागदावर आली ती तेव्हां. त्याच काळांतील बालमृत्यूचे आंकडे वाचले तर अंगावर कांटा येतो. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं, असें नगरपालिकेचे तक्ते सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र हा आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. रत्नागिरीकडे जन्मलेलें मूल आईच्या कडेवर मुंबईस येई आणि येथें मरे. म्हणजे जन्म तिकडच्या खात्यांत आणि मृत्यु इकडच्या. शिवाय चाळींतील पुष्कळ जन्म नोंदलेही जात नसत. पण ही सूट देऊनही जें उरतें तें एखाद्या साथीच्या वर्षाला शोभेल असेंच आहे, आणि एका खोलींत संसार थाटणाऱ्या कुटुंबांत तें सर्वांत भयंकर होतें.

कायद्याची कल्पना मुंबईंत जन्मली नाहीं. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें असा करार संमत केला कीं, प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेऊं नये, प्रसूतीपूर्वींचे सहा आठवडे घरीं राहण्याचा तिला हक्क असावा, आणि ह्या काळांत तिला व तिच्या मुलाला पुरेल असें साहाय्य मिळावें. हें साहाय्य सरकारी तिजोरींतून अगर विम्याच्या पद्धतीनें द्यावें, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढील सर्व प्रकरण त्यावर फिरतें. हिंदुस्थान सरकारनें हा करार स्वीकारला नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, येथील स्त्रिया आपण होऊनच गांवीं जातात, आणि दाखले देण्यास स्त्री-डॉक्टर तरी कोठें आहेत! भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी ह्या परिषदेस मजुरांच्या बाजूनें हजर होते. त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें बिल आणलें. तें पुढील वर्षीं फेंटाळलें गेलें.

मग हा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलांत श्री. आसवले ह्यांनीं हातीं घेतला. त्यांच्या बिलावर १९२८ च्या जुलै महिन्यांत चर्चा चालली असतां गिरण्यांची चाकें बंद होतीं. एप्रिलांत सुरू झालेला तो प्रचंड संप ऑक्टोबरपर्यंत लांबला. ज्या बायकांच्या विश्रांतीचा विचार सभागृहांत होत होता, त्यांच्या घरीं त्या वेळीं विश्रांति नको इतकी होती, आणि चूल मात्र पेटत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां कौन्सिलाचे नियुक्त सभासद होते. बिलाला पाठिंबा देतांना त्यांनीं जें प्रतिपादन केलें तें आजही मननीय वाटतें. प्रसूतीच्या आगेंमागें आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारनें उचलावयास हवा, हें त्यांनीं उघड कबूल केलें. परंतु सरकार तो उचलीत नाहीं तोंपर्यंत मालकानें सुटूं पाहूं नये, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यांत त्याचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो, असाही त्यांचा युक्तिवाद होता. मालकांना तो रुचला नाहीं, पण त्याला उत्तरही त्यांच्यापाशीं फारसें नव्हतें.

१९२९ सालीं कायदा झाला. असा कायदा करणारा हिंदुस्थानांतील पहिला प्रांत मुंबई. मध्यप्रांतानें १९३० मध्यें त्याचें अनुकरण केलें, मद्रासनें १९३४ मध्यें, बंगालनें १९३९ मध्यें. मुंबईच्या कायद्यानें प्रसूतीपूर्वीं तीन व नंतर चार आठवडे रोज आठ आणे देऊं केले. सर्व मिळून रक्कम पंचवीस रुपयांच्या आंत होती. पण ज्या घरांत बाळंतिणीच्या डिंका-खोबऱ्यासाठीं मंगळसूत्राचे मणी गहाण पडत, तेथें ती लहान नव्हती. परळला १९२६ सालापासून नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभें होतें. तेथें जाणाऱ्या बाईला परत येऊन चार आठवडे निजतां यावें, ही सोय आतां प्रथमच झाली.

तथापि पैसे द्यावयाचे कोणीं? प्रत्येक गिरणीनें आपापल्या बायकांना, आपल्या तिजोरींतून. वॉशिंग्टनच्या करारांतील सरकारी तिजोरीही नाहीं, विमाही नाहीं. परिणाम असा कीं, ज्या गिरणींत तरुण बायका अधिक, तिला भुर्दंड अधिक. आणि ज्या मालकानें बायका काढून पुरुष भरले, त्याला एक दमडीही नको. मुदत भरण्यापूर्वींच बाईला रजा द्यावी, नव्या भरतींत कुमारिका, विधवा अगर उतारवयाच्या बायका पाहून घ्याव्या, अशा युक्त्यांबद्दल तक्रारी लवकरच सुरू झाल्या. १९४६ च्या रेगे समितीच्या अहवालांतही त्यांचे पडसाद आहेत.

ह्यावरून कित्येक जण म्हणतात कीं, कायद्यानेंच गिरणींतल्या बाईची भाकरी काढून घेतली. मला हा आरोप अर्धाच खरा वाटतो. स्त्रियांचें प्रमाण घसरलें हें निर्विवाद आहे. १९७० च्या सुमारास तें शेंकडा पांचाच्या आसपास येऊन ठेपलें होतें. परंतु त्याच वर्षांत सूत गुंडाळण्याचीं नवीं यंत्रें आलीं, थोड्या हातांत अधिक काम उरकण्याची मोहीम चालली, आणि दोन पाळ्या सुरू झाल्या, तेव्हां रात्रीच्या पाळीला स्त्रियांना कायद्यानेंच मज्जाव होता. पुरुष संघटित होते. घर चालविण्याइतकी मजुरी पुरुषाला द्या, ही त्यांची मागणी ऐकतांना बाईची मजुरी हा वरखर्च आहे असें सर्वांनीं गृहीत धरलें. ह्या सर्वांपुढें पंचवीस रुपये म्हणजे कांहींच नव्हत. पण ज्याला बायका कमी करावयाच्याच होत्या त्याला ते एक सबळ निमित्त झाले, आणि तें निमित्त कायदा करणाऱ्यांनींच त्याच्या हातांत दिलें. दोष साहाय्य देण्यांत नव्हता, तें कोणाच्या खात्यावर मांडलें ह्यांत होता.

विम्याची पद्धति पुढें आली. प्रो. अडारकर ह्यांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि १९५४ मध्यें ती योजना मुंबईंत लागू झाली. आतां प्रसूतीचे पैसे सामाईक निधींतून मिळूं लागले, आणि अमुक एका गिरणीला बाई ठेवल्याचा दंड उरला नाहीं. १९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूतिलाभाचा कायदाही झाला. पण तोंपर्यंत रिळिंग खातीं ओस पडत चाललीं होतीं. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रीला न्याय्य व्यवस्था मिळाली तेव्हां तीच तेथें फारशी उरली नव्हती.

ती गेली कोठें, ह्याचा शोध सरकारी अहवालांत लागत नाहीं. कोणी भाजी विकूं लागली, कोणी घरकामाला लागली, आणि पुष्कळजणींनीं त्याच चाळींत, त्याच एका खोलींत, एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांची खाणावळ चालविली. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा खाणावळवाल्यांना बँकेचें कर्ज मिळवून देण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें त्या जगाच्या नजरेस आल्या. पहांटे चारला उठून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या ह्या बाईचे दिवस भरत आले, तरी भाकऱ्या चुकत नसत. सात आठवडे काय आणि बारा आठवडे काय, तिच्या बाळंतपणाचा हिशेब पाठवावा असा मालकच तिला नव्हता.