अल्प भांडवलाचे भयपट : बळ आणि उणिवा

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगवेगळे मानले. एकाचा स्थायीभाव भय, तर दुसऱ्याचा जुगुप्सा. अमेरिकेतील अल्पखर्ची भयपटांचा इतिहास पाहताना ही प्राचीन विभागणी आम्हांस फार उपयोगी वाटली. असल्या चित्रपटांचे नाव काढताच पुष्कळ रसिक नाके मुरडतात. तथापि तुटपुंज्या साधनांत काय साधते आणि काय निसटते, हे पाहण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

या चित्रपटांची दोन लाडकी भुते म्हणजे डायनासोर आणि झोंबी, अर्थात चालते प्रेत. दोघांची कुळकथा भिन्न आहे. झोंबी मूळचा हैती देशातील लोकसमजुतीतला. 1915 ते 1934 या काळात तो देश अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. विल्यम सीब्रुक यांच्या 1929 मधील प्रवासवर्णनामुळे ही कल्पना अमेरिकन वाचकांपर्यंत पोचली आणि 1932 मध्ये ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट निघाला. त्यातील प्रेते साखरेच्या गिरणीत मुकाट्याने राबतात. म्हणजे तो झोंबी मुळात गुलामच होता. डायनासोर मात्र शास्त्राच्या दालनातून आला. 1925 च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’साठी आणि 1933 च्या ‘किंग काँग’साठी विलिस ओब्रायन यांनी लहान प्रतिकृती कणाकणाने हलवून त्यांची एकेक चौकट टिपली. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक होते. त्यामुळे 1940 च्या ‘वन मिलियन बी.सी.’मध्ये जिवंत सरड्यांना कल्ले-शिंगे चिकटवून डायनासोर उभे केले गेले, आणि तीच दृश्ये पुढे कित्येक वर्षे इतर निर्मात्यांनी आपापल्या चित्रपटांत जोडली.

येथेच अर्थकारणाचे मर्म आहे. डायनासोर घडवावा लागतो. झोंबीला केवळ चालावे लागते. पहिला श्रीमंताचा राक्षस, तर दुसरा गरिबाचा.

हे मर्म ज्यांना उमगले ते जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट करणाऱ्या या तरुणाने मित्रांसह प्रारंभी प्रत्येकी सहाशे डॉलर काढून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट हाती घेतला. एकूण खर्च सुमारे 1 लाख 14 हजार डॉलर झाला. पाडावयास काढलेले एक शेतघर हेच मुख्य नेपथ्य आणि चॉकलेटचा पाक हेच रक्त. 1 ऑक्टोबर 1968 रोजी तो प्रथम प्रदर्शित झाला. त्यातील प्रेते मुखवटे घालून येत नाहीत. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नित्याच्या कपड्यांत येतात. रंगीत चित्रीकरण परवडणारे नव्हते, पण त्या कृष्णधवल छायेमुळे चित्रपटास वृत्तपटाची कळा आली. घरातील रेडिओ आणि दूरचित्रवाणी बातम्या देत राहतात, आणि अवघे जग बुडत असल्याचे त्या एका खोलीत बसून आपणांस कळते. दारिद्र्याचे असे गुणात रूपांतर क्वचितच घडते.

उणिवाही आहेतच. दुय्यम पात्रांचा अभिनय कच्चा आहे. बार्ब्रा ही नायिका प्रारंभीच्या धक्क्यानंतर बहुतेक काळ सुन्न बसून राहते. शुक्रावरून परतलेल्या यानाच्या किरणोत्साराचे स्पष्टीकरण उगाच चिकटवल्यासारखे वाटते. तरीही रस टिकतो, तो भयानकच राहतो. कारण खरा संघर्ष घराबाहेरील प्रेतांशी नसून तळघरात लपावे की वरच लढावे यावरून भांडणाऱ्या जिवंत माणसांशी आहे.

आता दुसरे उदाहरण पाहू. मे 1993 मध्ये, ‘ज्युरासिक पार्क’च्या तीनच आठवडे आधी, रॉजर कॉर्मन यांच्या निर्मितीसंस्थेने ‘कार्नोसॉर’ हा चित्रपट प्रदर्शित केला. स्पीलबर्ग यांच्या चित्रपटास सहा कोटींहून अधिक डॉलर लागले. कॉर्मन यांचे काम दहा लाखांच्या आसपास भागले. कोंबड्यांवरील जनुकीय प्रयोगांतून मानवजात संपवून पृथ्वी पुन्हा डायनासोरांच्या हवाली करू पाहणारी एक शास्त्रज्ञ, ही त्याची कथा. कल्पना धीट आहे. नित्याच्या अंड्यातून, आपल्या ताटातूनच संकट यावे, यात भयाचे खरे बीज आहे. डायन लॅड यांनी ती शास्त्रज्ञ थंडपणे, विनाआक्रस्ताळेपणा रंगवली आहे. त्यांचीच कन्या लॉरा डर्न ‘ज्युरासिक पार्क’ची नायिका असावी, हा योगायोग गमतीचाच.

परंतु कार्नोसॉरचे निर्माते आपले बळ विसरले. प्राणी झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी तो वारंवार दाखविला, आणि दाखविला की रबर दिसले. भय निसटू लागताच रक्तमांस वाढविले गेले. भयानक रस हातचा गेला की निर्माता बीभत्साकडे वळतो, याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. पुढे या मालिकेतील दृश्ये 2001 च्या ‘रॅप्टर’ या चित्रपटात पुन्हा वापरली गेली; म्हणजे 1940 च्या सरड्यांचीच परंपरा चालू राहिली.

दोन्ही चित्रपटांचा शेवट मात्र विलक्षण जुळतो. दोहोंत नायक राक्षसाच्या हातून मरत नाही. त्यास बंदोबस्तासाठी आलेलीच माणसे मारतात. कार्नोसॉरमध्ये सरकारी शिपाई हे काम करतात. प्रेक्षक क्षणभर दचकतो आणि विसरतो. रोमेरोंच्या चित्रपटात ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने साकारलेला बेन रात्रभर तग धरतो आणि सकाळी शेरीफच्या टोळीकडून प्रेत समजून मारला जातो. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्या वर्षीच्या प्रेक्षकास ती शेवटची स्थिरचित्रे वृत्तपत्रातील वाटली असल्यास नवल नाही. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस तो प्रसंग विशेष बोचतो. तेथे कोणी दुष्ट नाही. काम उरकण्याची घाई आहे, आणि समोरचा माणूस की प्रेत, हे पाहण्यास कोणास सवड नाही. कार्नोसॉरला हा परिणाम साधत नाही, कारण मरणाऱ्या माणसाशी आपली ओळखच झालेली नसते. ओळख करून देण्यास पैसा लागत नाही; संहिता लागते.

अल्प भांडवलाची एक किंमत मात्र रोमेरोंनाही मोजावी लागली. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलले, तेव्हा नव्या शीर्षकपट्टीवरून स्वामित्वहक्काची सूचना गळली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार तेवढ्याने हक्क गेला आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. कर्त्यांचे मोठे उत्पन्न बुडाले. पण फुकट उपलब्ध झाल्यामुळेच तो जगभर पोचला. 1999 मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली.

मराठीतही 2022 मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला आणि हैतीचा तो गुलाम डोंबिवलीच्या इमारतींपर्यंत पोचला. आपल्याकडे भांडवल नेहमीच अपुरे असणार. म्हणूनच काय झाकावे आणि कोणाची ओळख करून द्यावी, हा विवेक आपल्या लेखक-दिग्दर्शकांनी रोमेरोंकडून घ्यावा, असे आम्हांस वाटते. पैशाची उणीव प्रेक्षक उदारपणे सोडून देतो. माणसाची उणीव तो सोडत नाही.