जोर न लावण्याचा इतिहास

सातारा-सांगली परिसराला यंत्राची ओळख जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडू लागले. तिथल्या हाताचे कसब होते नेमका जोर लावण्याचे. पुढे याच मुलखात संगणक आला, तेव्हा त्याचा प्रोसेसर बसवणाऱ्याला उलटे कसब शिकावे लागले: जोर न लावण्याचे.

सुरुवातीला जोर लागतच असे. इंटेलच्या १९७८च्या ८०८६ चिपला दोन रांगांत ४० पिना होत्या. सॉकेटवर ठेवून अंगठ्यांनी दाबायचे. १९८९च्या ४८६ला १६८ पिना आल्या. प्रत्येक पिनेचे घर्षण थोडे, पण बेरीज मोठी. दाबताना बोर्ड वाके, उपसताना पिन मुडपे. त्यावर तोड निघाली एका दांडीची. ‘झिफ’ सॉकेटची दांडी उचलायची, कोपऱ्यातली खूण जुळवायची, चिप स्वतःच्या वजनाने आत उतरू द्यायची आणि दांडी मिटायची. चिप उतरली नाही तर दाबायचे नाही, दिशा तपासायची. दुकानाच्या टेबलावर सुटे भाग जोडून संगणक उभा करणे या दांडीने सोपे केले.

१९९८ साली वारणा खोऱ्यात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसउत्पादकाच्या नोंदी गावातच संगणकावर मिळाव्यात, हा हेतू. गावात संगणक आला म्हणजे तो उघडून दुरुस्त करणारा हातही जवळपास हवा.

२००४ साली इंटेलने एलजीए ७७५ सॉकेटबरोबर पिना चिपवरून काढून बोर्डावर नेल्या. चिपच्या पोटाशी सपाट ठिपके उरले. महागडी चिप निर्धास्त झाली. बोर्डावरच्या केसासारख्या पिना उघड्या पडल्या. तिरकी चिप हातातून निसटली की बोर्ड गेला, आणि वाकलेली पिन बहुधा हमीत बसत नाही. धोका संपला नाही, त्याने जागा बदलली. एएमडीने घरगुती संगणकांसाठी हीच वाट २०२२ साली एएम५ सॉकेटने धरली.

वारणेच्या काही गावांत पुढे संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले. खर्च वाचावा, हा त्यामागचा विचार रास्तच होता. पण मोबाइलचा प्रोसेसर बोर्डाला डाखलेला असतो. तिथे सॉकेट नाही, दांडी नाही. प्रोसेसर बसवण्यातून जोर गेला तेव्हा कारागिराचे काम वाढले होते. सॉकेटच गेले, तेव्हा कारागिराची जागाही गेली.